डोनर बदलला की प्रयोग बदलतो: मानवी रक्तपेशी रुजवलेल्या उंदरांवर कॅन्सरचं औषध तपासताना

पेम्ब्रोलिझुमॅबसारखी कॅन्सरविरोधी अँटिबॉडी माणसाच्या पीडी-१ या, प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशींना आवर घालणाऱ्या रेणूला घट्ट धरते, उंदराच्या पीडी-१ला धरत नाही. साध्या उंदराला ती कितीही टोचली तरी तिच्याबद्दल काही कळायचं नाही. म्हणून स्वतःची प्रतिकारयंत्रणा नसलेल्या उंदरात माणसाच्या रक्तपेशी रुजवायच्या, त्याच उंदरात माणसाचा ट्यूमर वाढवायचा आणि मग औषध द्यायचं. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ हे टी-पेशींवरच्या सीडी२८ रेणूला धरणारं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं आणि सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. माकडांत तेच औषध निर्धोक दिसलं होतं, कारण ज्या टी-पेशी माणसात भडकल्या त्यांच्यावर माकडात सीडी२८ हा रेणूच नसतो. मानवी पेशी जिवंत शरीरात तपासण्याची गरज यातून नीट कळते.

या उंदरांतून येणारा निकाल औषध देण्याच्या तीन आठवड्यांत जितका ठरतो, त्याहून जास्त तो आधीच्या चार महिन्यांत ठरतो. त्यात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो डोनर, म्हणजे ज्याच्या पेशी रुजवल्या तो माणूस. एकाच नाळेच्या रक्तातून वीस उंदीर तयार केले, तर ती वीस माणसं नव्हेत. ते एकच माणूस वीस वेळा मोजणं झालं. पुढची सगळी आखणी हे धरूनच केली आहे.

उंदीर आणि पेशी निवडताना

बहुतेक कामाला एनएसजी उंदीर पुरतो. त्यात तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. स्किड उत्परिवर्तनामुळे टी आणि बी पेशी बनत नाहीत. आयएल-२ या संदेशरेणूच्या ग्राहकाची गॅमा साखळी नसल्याने परक्या पेशी मारणाऱ्या एनके पेशीही नाहीत. आणि एनओडी वंशामुळे त्याच्या मॅक्रोफेजवरचा, म्हणजे गिळणाऱ्या पेशींवरचा, सर्प-अल्फा हा रेणू मानवी पेशींवरच्या सीडी४७शी चांगला जुळतो, त्यामुळे त्या पेशी लगेच गिळल्या जात नाहीत. जपानमधला एनओजी उंदीर जवळपास असाच आहे.

स्किड दोष हा डीएनए दुरुस्तीचा दोष आहे. त्यामुळे हा उंदीर किरणोत्साराला फार नाजूक असतो. साध्या उंदराला सहज सोसणारा डोस याला मारून टाकतो. जास्त किरण द्यावे लागणार असतील, किंवा ट्यूमरवर रेडिओथेरपी तपासायची असेल, तर त्याऐवजी रॅग१ जनुक बंद केलेला एनआरजी घ्यावा. किरणयंत्रच हाताशी नसेल तर एनबीएसजीडब्ल्यू हा किट जनुकात बदल असलेला वंश किरणांशिवायही मानवी स्टेम सेल स्वीकारतो.

मायलॉइड पेशी (मोनोसाइट, मॅक्रोफेज वगैरे) हव्या असतील तर एनएसजी-एसजीएम३ कडे मोह होतो. त्यात मानवी एससीएफ, जीएम-सीएसएफ आणि आयएल-३ ही पेशी वाढवणारी द्रव्यं तयार होतात, मोनोसाइट आणि मास्ट पेशी भरपूर दिसतात. पण किंमत मोठी मोजावी लागते: अस्थिमज्जा लवकर थकते, रक्तक्षय होतो आणि मॅक्रोफेज अनियंत्रित भडकून उंदीर मरतात. दीर्घ प्रयोगाला हा वंश घेऊ नये. सायटोकाइन वादळाच्या (प्रतिकारपेशींचे संदेशरेणू एकदम उसळण्याच्या) छोट्या अभ्यासाला मात्र तो उपयोगी आहे.

पेशींचे दोन रस्ते आहेत. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पीबीएमसी (मोनोन्यूक्लिअर पांढऱ्या पेशी) टोचल्या की दोन-तीन आठवड्यांत उंदराच्या रक्तात मानवी टी-पेशी दिसतात. काम झटपट होतं, पण जवळजवळ फक्त टी-पेशीच टिकतात आणि त्या उंदराच्या शरीरालाच परकं मानून हल्ला करतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात हा जीव्हीएचडी उफाळतो आणि प्रयोग तिथेच संपतो. दुसरा रस्ता नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांतून रक्तपेशी घडतात त्या मूळ पेशींचा. त्यात बी, टी आणि थोड्या मायलॉइड पेशी उंदराच्या शरीरातच घडतात, काम महिनोन्‌महिने चालतं, पण पहिला उपयोगी उंदीर हाती यायला तीन-चार महिने जातात. टी-पेशींना ट्यूमरकडे वळवणाऱ्या दुहेरी अँटिबॉडीसाठी पीबीएमसी पुरेत. पीडी-१सारख्या औषधासाठी सीडी३४ बरे. खालची पद्धत त्यांचीच आहे.

कागद आधी, पिंजरा नंतर

भारतात हे काम करायचं तर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए या सरकारी समितीकडे नोंदलेली प्राणीशाळा आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. सीसीएसईए पूर्वी सीपीसीएसईए या नावाने ओळखली जायची. नाळेचं रक्त माणसाकडून येतं, त्यामुळे मानवी नैतिकता समितीची परवानगी आणि मातेची लेखी संमती वेगळी लागते. स्टेम सेल असल्याने प्रस्ताव संस्थेच्या स्टेम सेल समितीलाही दाखवून घ्यावा. एनएसजी उंदीर करारावर मिळतात. घरच्या घरी पैदास करता येते का, व्यावसायिक कामाला वापरता येतात का, हे करारात आधी वाचावं. या चारही गोष्टी समांतर चालवल्या तरच उंदीर आणि पेशी एकाच महिन्यात हातात येतात.

रक्तदात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी झालेली असली तरी प्रत्येक नमुना संसर्गजन्यच समजून बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी दोन) मध्ये हाताळावा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये.

प्राणीशाळा

हे उंदीर मरतात ते बहुतेक वेळा प्रयोगामुळे नव्हे, तर साध्या जंतूंमुळे. हवा गाळून येणारे स्वतंत्र पिंजरे, किरणांनी निर्जंतुक केलेला खाऊ, ऑटोक्लेव्ह केलेलं बेडिंग, पीएच २.५ ते ३.० पर्यंत आम्ल केलेलं पाणी आणि पिंजरा फक्त लॅमिनार फ्लोखालीच उघडणं, यात तडजोड नाही. दिवसाच्या फेरीत एनएसजीची खोली पहिली असावी. दुसऱ्या उंदरांच्या खोलीतून थेट इकडे यायचं नाही.

कोरीनेबॅक्टेरियम बोव्हिस या जीवाणूवर खास लक्ष ठेवा. एनएसजीत तो केस जाणं, कातडी खवलेदार होणं, डोळ्यांना सूज, वजन न वाढणं अशा रूपांत दिसतो, आणि जीव्हीएचडीही जवळपास असाच दिसतो. पेशी न दिलेल्या उंदरातही तेच दिसलं तर तो जंतू समजावा. हा जंतू एकदा खोलीत शिरला की काढणं कठीण. तो बाहेरून आलेल्या ट्यूमरच्या तुकड्यांबरोबरही येऊ शकतो. त्यामुळे बाहेरचा प्रत्येक ट्यूमर आणि पेशींची प्रत्येक ओळ या जंतूसाठी, मायकोप्लाझ्मा आणि उंदरांच्या विषाणूंसाठी तपासल्याशिवाय आत घेऊ नये. ट्यूमरच्या पेशी टोचताना लागणारं मॅट्रिजेल हे जेलही उंदराच्या ट्यूमरपासूनच बनतं. एलडीईव्ही हा उंदरांचा विषाणू नसल्याची खात्री असलेला लॉटच घ्यावा.

पेशी

नाळेच्या एका पिशवीतून सीडी३४ पेशी साधारण १० ते २० लाख हाती लागतात, कधी जास्त, कधी फारच कमी. रक्त २४ तासांच्या आत प्रक्रियेला घ्यावं. १.०७७ घनतेच्या फिकॉल या द्रावणावर मोनोन्यूक्लिअर पेशी वेगळ्या करून चुंबकी मण्यांनी सीडी३४ निवडाव्यात. एका कॉलमवरून शुद्धता ९० टक्क्यांपर्यंत जात नाही, म्हणून तेच द्रावण दुसऱ्या कॉलममधून पुन्हा काढावं. मग सीडी३ पेशी, म्हणजे टी-पेशी, मोजाव्यात. त्या अर्ध्या टक्क्याच्या वर असतील तर तो लॉट टी-पेशी काढून टाकल्याशिवाय वापरू नये. स्टेम सेलबरोबर गेलेल्या मूठभर प्रौढ टी-पेशी आठ-दहा आठवड्यांत जीव्हीएचडी घडवून आणतात, आणि तेव्हा दोष औषधावर किंवा खोलीवर जातो.

गोठवलेल्या पेशी वितळवताना घाई केली की निम्म्या मरतात. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात हलवत, आत बोराएवढा बर्फ उरेपर्यंतच ठेवावी. मग पेशी ५० मिलिलिटरच्या नळीत घेऊन, नळी हलवत, सीरम घातलेलं कोमट माध्यम थेंबाथेंबाने सोडावं. पहिला एक मिलिलिटर घालायला दोन मिनिटं लागली तरी चालतील. मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए चिकट दोरे बनवतो, म्हणून माध्यमात तो तोडणारं थोडं डीएनेज घालावं. ३०० जी वर १० मिनिटं फिरवून, गाळणीतून काढून, मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजावं. जिवंत पेशी ८५ टक्क्यांच्या खाली असतील तर त्या दिवशी उंदरांना टोचू नये. मेलेल्या पेशींचा गठ्ठा फुफ्फुसात अडकून उंदीर सुईवरच जातो. डोस नेहमी जिवंत सीडी३४ पेशींवर मोजावा, एकूण पेशींवर नाही.

किरण आणि टोचणी

तीन-चार आठवड्यांच्या माद्या घ्याव्यात. एनएसजीत मानवी स्टेम सेल माद्यांमध्ये जास्त चांगल्या रुजतात. नर-मादी मिसळायचेच असतील तर प्रत्येक गटात सारखे वाटावेत.

सीझियमच्या यंत्रावर १०० ते १५० सेंटीग्रे हा सुरुवातीचा पल्ला ठेवावा. एक्स-रे यंत्र असेल तर तोच आकडा जास्त जाळतो, कारण कमी ऊर्जेच्या किरणांचा जैविक परिणाम अधिक असतो. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा उचलू नये. आपल्या यंत्रावर, आपल्या डब्यात, डोसमापकाने मोजून आधी छोट्या गटावर तपासावा. रुग्णालयाच्या रेडिओथेरपी यंत्रावर काम करायचं असेल तर निर्जंतुक, झाकलेल्या डब्यात उंदीर न्यावेत आणि त्यांचे पिंजरे परत येईपर्यंत तसेच झाकून ठेवावेत. किरणांनंतर आठव्या ते चौदाव्या दिवसात उंदीर मरू लागले तर डोस जास्त झाला असं समजावं. तिथे प्रतिजैविक घातलेलं पाणी दोन-तीन आठवडे दिलं तर आतड्यातून उठणारा संसर्ग बराच आटोक्यात राहतो. पण आम्ल पाण्यात औषध मिसळलं की काही औषधं टिकत नाहीत. पाणी बदलूनच द्यावं.

किरण दिल्यावर ४ ते २४ तासांत, प्रत्येक उंदराला १ लाख सीडी३४ पेशी, २०० मायक्रोलिटर द्रावणात, शेपटीच्या शिरेतून. उंदीर दोन-तीन मिनिटं ३७-३८ अंशांवर उबदार ठेवला की शिर फुगते. २७ ते ३० गेजची सुई, शेपटीच्या टोकाकडच्या भागापासून सुरुवात. पहिली खेप हुकली तर वरच्या बाजूला दुसरा प्रयत्न करता येतो, खाली येता येत नाही. टोचताना विरोध जाणवला किंवा शेपटीवर पांढरा फुगा आला तर द्रावण शिरेत जात नाहीये. त्या उंदराची नोंद वेगळी ठेवावी आणि विश्लेषणात त्याला धरायचं की नाही ते त्याच दिवशी लिहून टाकावं, निकाल पाहून नाही. सिरिंजमध्ये पेशी खाली बसतात. दर उंदरानंतर सिरिंज उलटसुलट करावी, नाहीतर पहिल्याला दुप्पट आणि शेवटच्याला निम्म्या जातात.

नवजात पिलांना देणं हा दुसरा पर्याय. टी-पेशी त्यात चांगल्या घडतात. जन्मानंतर एक ते तीन दिवसांत १०० सेंटीग्रे, आणि ३० ते ५० हजार पेशी, ३० ते ५० मायक्रोलिटरमध्ये, सरळ यकृतात. पातळ कातडीखाली डावीकडे दुधाचा पांढरा ठिपका आणि बरगडीखाली यकृताची गडद सावली दिसते. सुई त्या सावलीत. सुई आत गेल्यावर तीन-चार सेकंद थांबून मग काढावी, नाहीतर द्रावण उलट बाहेर येतं. हातमोज्यांना आधी त्याच पिंजऱ्यातलं बेडिंग चोळावं आणि सगळी पिलं एकदमच परत ठेवावीत. परका वास लागलेली पिलं आई खाते.

प्रत्येक खेपेत दोन उंदीर फक्त किरण दिलेले आणि पेशी न दिलेले ठेवावेत. पुढे काही बिघडलं तर दोष किरणांचा, जंतूंचा की पेशींचा, हे शोधायला हे दोन उंदीरच उपयोगी पडतात.

रुजल्या का?

दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गालाखालच्या शिरेतून ५० ते १०० मायक्रोलिटर रक्त घ्यावं. २० ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त दीड मिलिलिटरच्या आसपास असतं, त्यामुळे दोन आठवड्यांत त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त काढू नये. लाल पेशी फोडून घ्याव्यात. मग उंदराच्या आणि माणसाच्या, दोन्हींच्या एफसी ग्राहकांना (अँटिबॉडीची शेपूट पकडणाऱ्या रेणूंना) रोखणारी द्रव्यं घालावीत, आणि मानवी सीडी४५, उंदराचा सीडी४५ (ही पांढऱ्या पेशींची खूण), सीडी३ (टी-पेशी), सीडी१९ (बी-पेशी), सीडी३३ (मायलॉइड) आणि जिवंत-मृत ओळखणारा रंग घेऊन पेशी एकेक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर तपासावं. मानवी पेशींचा वाटा असा काढावा: मानवी सीडी४५ भागिले मानवी आणि उंदराच्या सीडी४५ची बेरीज, गुणिले शंभर. एकूण पेशींवरून टक्केवारी काढली तर न फुटलेल्या लाल पेशींमुळे आकडा खाली येतो.

२५ टक्के ही रूढ मर्यादा आहे. पण आकडा बघून खूश होऊ नये. बाराव्या आठवड्यात त्यातल्या बहुतेक बी-पेशी असतात, टी-पेशी हळूहळू वाढतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत ठीकठाक होतात. ४० टक्के मानवी पेशी आणि त्यात टी-पेशी दोनच टक्के, असा उंदीर पीडी-१च्या औषधाला निरुपयोगी आहे. औषध ज्यावर काम करतं तीच पेशी जागेवर आहे का, हे पाहूनच गटात घ्यावा.

ट्यूमर, गट आणि औषध

समजा औषध आणि नियंत्रण असे दोन गट, प्रत्येकात प्रत्येक डोनरचे चार उंदीर, आणि डोनर तीन. म्हणजे २४ उंदीर. किरणांत काही जातात, काही मर्यादेत बसत नाहीत, म्हणून दर डोनर १२ प्रमाणे ३६ उंदरांना पेशी द्याव्या लागतील. १ लाखाच्या हिशोबाने प्रत्येक डोनरच्या किमान १२ लाख जिवंत पेशी हव्यात, वाया जाणाऱ्या धरून १५ लाख. यात एका डोनरच्या सगळ्या उंदरांना औषध आणि दुसऱ्याच्या सगळ्यांना नियंत्रण, असं कधी करू नये. औषधाचा परिणाम आणि डोनरचा परिणाम मग कायमचे गुंततात, कुठलीच सांख्यिकी ते सोडवू शकत नाही.

या २४ शिवाय मानवी पेशी न दिलेले एनएसजी उंदीर दोन्ही गटांत पाच-पाच. हे नसतील तर ट्यूमर आटला तो प्रतिकारयंत्रणेमुळे की औषधाच्या थेट मारामुळे, हे सांगता येत नाही. ट्यूमर आणि डोनर यांचं एचएलए, म्हणजे आपलं-परकं ओळखायची पेशींवरची खूण, जुळत नसल्याने मानवी पेशी दिलेल्या उंदरांत ट्यूमर औषधाविनाही मंद वाढू शकतो, तेही याच तुलनेत दिसतं.

ट्यूमरच्या १० ते ५० लाख पेशी मॅट्रिजेलमध्ये निम्म्याने मिसळून, थंडच असताना, कुशीत कातडीखाली टोचाव्यात. मॅट्रिजेल गरम हातात जेली होतं, सिरिंज बर्फावरच ठेवावी. आकारमान म्हणजे लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. ८० ते १२० घन मिलिमीटर झाल्यावर गट पाडावेत आणि तेव्हा डोनर, मानवी पेशींचं प्रमाण आणि ट्यूमरचा आकार, तिन्ही दोन्ही गटांत सारखे वाटावेत. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

पेम्ब्रोलिझुमॅबचा चालणारा आराखडा: पहिला डोस किलोला १० मिग्रॅ, मग दर पाच दिवसांनी किलोला ५ मिग्रॅ, पोटात. २५ ग्रॅमच्या उंदराला पहिल्या वेळी २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिग्रॅ प्रति मिलिलिटर द्रावणाचे २५० मायक्रोलिटर. नियंत्रणाला त्याच प्रकारची, म्हणजे मानवी आयजीजी४ (अँटिबॉडीचा एक उपप्रकार), कशालाही न चिकटणारी अँटिबॉडी. नुसतं सलाइन देऊ नये.

इथे एक सापळा आहे. एनएसजीच्या रक्तात स्वतःचं आयजीजी नसतं. त्यामुळे त्याच्या मॅक्रोफेजवरचे एफसी ग्राहक मोकळे असतात आणि टोचलेली अँटिबॉडी ट्यूमरपर्यंत जाण्याआधी प्लीहेत आणि यकृतात अडकते. कमी डोसवर औषध 'काम करत नाही' असं दिसतं ते कधी कधी एवढ्यामुळेच. रक्तातली पातळी मोजून पाहावी, आणि गरज पडली तर औषधाच्या आधी मानवी आयजीजी देऊन ते ग्राहक भरून घ्यावेत.

रोजची पाहणी आणि शेवटचा दिवस

आठवड्यातून तीनदा वजन. जीव्हीएचडीला पाच गोष्टींवर गुण द्यावेत: वजन, पाठीचा बाक, हालचाल, केसांची अवस्था, कातडी. प्रत्येकी शून्य ते दोन. मूळ वजनाच्या २० टक्के घट, किंवा समितीने ठरवलेला ट्यूमरचा आकार, यापैकी जे आधी येईल तिथे उंदीर थांबवावा. शेवटच्या मोजमापासाठी त्याला आणखी दोन दिवस ठेवायचं नाही. दोन दिवसांच्या यातना देऊन मिळणारा आकडा तसाही बिघडलेला असतो.

ट्यूमर अचानक भराभर वाढू लागला आणि मऊ लागला तर तो कापून सीडी४५ आणि सीडी२० (बी-पेशींची खूण) बघावेत. रुग्णाच्या ट्यूमरबरोबर आलेल्या बी-पेशींत ईबीव्ही (एपस्टाइन-बार) विषाणू दडलेला असू शकतो. प्रतिकारयंत्रणा नसलेल्या उंदरात त्यातून लिम्फोमा उभा राहतो आणि महिनोन्‌महिने तोच कॅन्सर म्हणून मोजला जातो.

काय अपेक्षित धरू नये तेही समजून घ्यावं. गॅमा साखळी नसल्याने या उंदरांच्या लिम्फ नोड नीट घडत नाहीत. मानवी बी-पेशी आयजीएम देतात, पक्व आयजीजी फारच थोडं, त्यामुळे लशीच्या प्रतिसादासाठी हा प्राणी कच्चा आहे. टी-पेशी माणसाच्या नव्हे, उंदराच्या थायमसमध्ये शिकतात. मानवी न्यूट्रोफिल आणि लाल पेशी नावापुरत्या असतात, आणि उंदराचं आयएल-१५ पुरेसं नसल्याने एनके पेशीही कमीच.

शेवटच्या दिवशी रक्त, प्लीहा, अस्थिमज्जा आणि ट्यूमर चारही घ्यावेत. ट्यूमरचा अर्धा भाग फॉर्मेलिनमध्ये, अर्धा पेशी सुट्या करून फ्लो सायटोमीटरला. रक्तातल्या टी-पेशी वाढल्या म्हणजे ट्यूमरमध्ये शिरल्याच असं नाही, म्हणून सीडी८ (मारक टी) पेशी ट्यूमरच्या आत मोजाव्यात, कडेच्या नाही. विश्लेषणात डोनर हा वेगळा घटक म्हणून सांख्यिकीच्या मिश्र प्रारूपात (मिक्स्ड मॉडेल) घालावा आणि आलेखात तिन्ही डोनरच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत दाखवाव्यात. दोन डोनरमध्ये ट्यूमर आटला आणि तिसऱ्यात नाही, तर सरासरी काढून तो तिसरा झाकू नये. त्याच्या टी-पेशींची संख्या, पीडी-१ची पातळी आणि ट्यूमरवरची पीडी-एल१ (पीडी-१ला चिकटणाऱ्या जोडीदार रेणूची पातळी) आधी तपासावी, आणि त्या डोनरच्या गोठवलेल्या पेशी उरल्या असतील तर त्याच्याच नव्या खेपेवर प्रयोग पुन्हा लावावा.